पापण्यांवरचे चौकोन

वॉर्डातल्या सिस्टर तिला पाठीमागे ‘प्रश्नपत्रिका’ म्हणत. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी रुग्ण तपासताना ही तरुण भूलतज्ज्ञ एकही प्रश्न गाळत नसे.

सातव्या खाटेवरच्या आजींचं पित्ताशय उद्या सकाळी काढायचं होतं. आत खडे, अधूनमधून जीवघेण्या कळा आणि दोनदा पुढे ढकललेली तारीख.

“एखादा दात हलतो का, आजी?”

“दातांचं काय घेऊन बसलीस, घसा दुखतोय. सकाळपासून.” आजींचा आवाज बसला होता. “आणि डोळेही चिकटतायत बघ.”

तिने टॉर्च लावला. दोन्ही पापण्यांवर गोंदाचे फिकट चौकोन उमटले होते. भूल दिल्यावर रुग्णाचे डोळे मिटलेले राहावेत म्हणून चिकटपट्टी लावतात, तिचेच. घशात आत ताजं खरचटलं होतं. श्वासनळीत नळी घालताना खरचटतं, तसं.

“आजी, याआधी भूल कधी घेतली होतीत?”

“कधीच नाही गं. पोरंसुद्धा घरीच झाली माझी.”

कागदपत्रंही तेच सांगत होती. पोटावर टाक्याचा एकही व्रण नव्हता. घसा सर्दीने दुखत असेल, पापण्यांना मलम लागलं असेल, असं तिने मनाशी धरलं आणि स्टेथोस्कोप टेकवायला झगा थोडा खाली केला.

छातीच्या मधोमध काळानिळा डाग होता. तळहाताच्या बुडाएवढा.

बंद पडलेलं हृदय छाती दाबून दाबून चालवायला गेलं, की असा वळ उठतो.

ठोके मात्र अगदी नियमित होते.

बाहेर येऊन तिने ऑपरेशन करणाऱ्या मोठ्या सरांना फोन लावला.

“सर, सात नंबरच्या छातीवर मार दिसतोय. उद्या नको.”

“तिसऱ्यांदा? उद्या पित्ताशय फुटलं तर निस्तरायला तू येणार आहेस का?”

“येईन, सर. तसं लिहून देते.”

आजींच्या खाटेशी उभी राहूनच तिने ‘सध्या भूल देण्यास अयोग्य’ असं लिहिलं, खाली सही केली. कारण नीट सांगता आलं नसतं, पण बाई वाचली होती.

आजींनी कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी तिचा हात हातात घेऊन थोपटला.

“मनाला लावून घेऊ नकोस, पोरी. किती वेळ दाबत होतीस! शेवटी सरांनीच तुला धरून बाजूला केलं.”

तिने हळूच हात सोडवून घेतला.

दोन्ही मनगटं ठणकत होती.