धूर किती उतरला?

रक्तात साखर फार वाढली म्हणून एखाद्या पोराला दवाखान्यात आणलं, तर त्याच पोराच्या शिरेत कुणी साखरेचं पाणी सोडेल का? नाही ना? मलाही तसंच वाटलं होतं. मी तेव्हा अकरा वर्षांची होते आणि आपल्याला सगळं कळतं अशी माझी ठाम समजूत होती. त्या समजुतीपायी मी माझ्या सख्ख्या भावाच्या जिवाशी खेळले.

आमचं गुऱ्हाळ पन्हाळ्याच्या पायथ्याला. ऊस तोडायला यंत्रमानव आला, चरकावर संगणक बसला, पण चुलवाण (रस आटवायच्या मोठ्या कढईखालची भट्टी) पप्पांनी जुनंच ठेवलं. गूळ करावा तर चिपाडाच्या जाळावरच, असा त्यांचा हट्ट. चिपाड म्हणजे रस काढून वाळवलेला उसाचा चोथा. माझा भाऊ शौर्य सात वर्षांचा होता. तो शाळेतून आला की मी त्याला आईच्या नकळत गुळाचा खडा द्यायचे.

त्या महिन्यात शौर्य तांब्यावर तांबे पाणी पिऊ लागला, सारखा लघवीला धावू लागला आणि पोटभर जेवूनही वाळत चालला. उन्हाळा आहे, आम्ही म्हटलं. मग एके सकाळी तो ओकू लागला, धापा टाकू लागला आणि त्याच्या तोंडाला पिकून उतरलेल्या फळासारखा वास येऊ लागला. "चोरून पेरू खाल्लास व्हय रं?" असं मी त्याला दरडावून विचारलंसुद्धा. आजही ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

आठ वाजता आम्ही कोल्हापूरच्या दवाखान्यात होतो. डॉ. मुमताज शिकलगार मॅडमनी बोटातून रक्ताचा थेंब घेतला, यंत्रात पाहिला आणि आईला म्हणाल्या, "ह्याला मधुमेह झालाय. साखर पाचशे वीस हाय, आणि रक्त आंबट झालंय."

मधुमेह? सात वर्षांच्या पोराला? आईने शौर्यला कवेत घेतलं. माझ्या डोक्यात फक्त गुळाचे खडे फिरत होते. हे मी केलं होतं.

शौर्यच्या खाटेपाशी 'निगा' नावाची यंत्रपरिचारिका होती. तिला तीन हात होते, आणि डोकं थर्मासाएवढं. विजेच्या पंपातून ती त्याला थेंब थेंब इन्सुलिन (साखरेला पेशींच्या आत नेणारं शरीरातलं द्रव्य) देत होती. पडद्यावर दोन आकडे दिसत होते, साखर आणि कीटोन, म्हणजे रक्त आंबट करणारं द्रव्य. दर तासाला ती वाकून विचारायची, "शौर्य, तुमच्या कुत्र्याचं नाव काय?"

"रॉकेट," तो पुटपुटायचा.

"सारखं काय त्येच त्येच इचारायलीस?" मी वैतागले.

"मेंदूला सूज येऊ लागली, तर आधी बोलणं अडखळतं, ताई. म्हणून मी विचारत राहते. आणि म्हणूनच शिरेतून पाणीही घाई न करता देते."

पप्पा गूळ घेऊन गुजरातला गेले होते. परतीच्या वाटेवरून त्यांचे फोनवर फोन येत होते, आणि प्रत्येक वेळी एकच प्रश्न असायचा, "साखर किती हाय?" चारशे साठ. तीनशे ऐंशी. दुपारी एकला दोनशे बासष्ट! आई फोन घेऊन आनंदाने बाहेर धावली. मी तर मनातल्या मनात शौर्यला घरी नेऊनही सोडलं.

तेवढ्यात निगाने कपाटातून नवी बाटली काढून टांगली. तिच्यावर लिहिलं होतं, ग्लुकोज. ग्लुकोज म्हणजे साखर, हे आम्ही चौथीत शिकलो होतो.

"अगं ए! ती साखर हाय!"

"होय ताई, साखरच आहे," निगा शांतपणे म्हणाली. इतक्यात पलीकडच्या खोलीतली घंटा वाजली आणि ती चाकांवरून सरकत तिकडे गेली.

आमचा ऊसतोड्या यंत्रमानव मागच्या वर्षी शेजाऱ्यांची पपईची बाग सपाट करून आला होता, आणि वर 'काम पूर्ण' असंही म्हणाला होता. यंत्राचा काय भरवसा? इन्सुलिन पंपातून जात होतं, पण या बाटलीचे थेंब नळीवरच्या साध्या चकतीने कमीजास्त व्हायचे. मी स्टुलावर चढले, नळीवरची चकती अंगठ्याने सरकवली आणि साखरेचे थेंब थांबवले. आधी गूळ देऊन भावाला आजारी पाडलं, आता निदान वाचवलं तरी, असं वाटून मला बरंसुद्धा वाटलं.

दीड वाजता साखर दोनशे पाच. पावणेदोनला एकशे ऐंशी. मी खुशीत. सव्वादोनला एकशे अठ्ठावीस, आणि पडदा लाल होऊन किंचाळू लागला.

मॅडम धावत आल्या, मागोमाग आई. "ग्लुकोज चालू हाय न्हवं?"

"नोंदीप्रमाणे चालू आहे," निगा म्हणाली.

"मग साखर एवढी का पडायली?" मॅडमचा आवाज चढला. "अशीच पडत ऱ्हायली तर मला इन्सुलिन थांबवावं लागंल. कीटोन अजून साडेतीन हाय. आत्ता इन्सुलिन थांबवलं, तर पोरगं परत सकाळच्या ठिकाणी जाईल!"

सकाळच्या ठिकाणी म्हणजे त्या धापा, तो वास. बोलावं तर आई काय म्हणेल? पण शौर्यचे ओठ पांढरे दिसत होते.

"मॅडम, चकती मी बंद केली," मी ओरडले आणि मोठ्याने रडू लागले.

मॅडमनी एका झटक्यात चकती उघडली. बाटलीतले थेंब पुन्हा पडू लागले. मॅडम पडद्यावरून नजर काढेनात. एकशे वीस. एकशे सोळा. मग आकडा थांबला आणि हळूच एकशे बावीस झाला.

आता मार मिळणार, असं मी धरून चालले होते. पण मॅडम माझ्यासमोर बसल्या.

"आई सांगत होती, तुमचं गुऱ्हाळ हाय न्हवं? चुलवाणात चिपाड कोण घालतं?"

"जळव्या. आमचा संभामामा."

"त्यो आलाच न्हाई तर?"

"चिपाडाचा ढीग दारात साठंल," मी मुसमुसत म्हटलं, "आणि आत जाळ विझंल."

"मग जाळ टिकवायला कुणी टायर टाकलं तर?"

"काळा धूर हुईल! पप्पा फोडून काढतील."

"शौर्यच्या अंगात हेच झालंय. त्याचा जळव्या म्हंजे इन्सुलिन. त्यो नाहीसा झाला. चिपाड म्हंजे साखर. ती दारात, म्हंजे रक्तात, साठत गेली. आत पेशी उपाशी. मग शरीरानं चरबी जाळायला घेतली. त्याचा धूर म्हंजे कीटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्लं). त्यानंच रक्त आंबट झालं आणि तोंडाला वास आला. आता सांग, संभामामा परत आला आणि दारातला ढीग संपत आला. धूर अजून कोंडलेलाच हाय. मामाला घरी धाडशील?"

मी डोळे पुसले. "न्हाई. त्यो गेला की परत टायर जळणार."

"पण त्याच्यापाशी चिपाड तर उरलं न्हाई."

"मग... मग चिपाड आणून द्यायचं! धूर जाईपतुर!" मी बाटलीकडे पाहिलं. ती साखर शौर्यसाठी नव्हतीच. ती जळव्याला कामावर ठेवायला होती.

"म्हणून साखर उतरली म्हंजे पोरगं बरं झालं, असं न्हाई," मॅडम म्हणाल्या. "धूर बघायचा. कीटोन एकाच्या खाली आला की बरं."

मग मी गुळाच्या खड्यांचंही सांगून टाकलं. मॅडमनी मान हलवली. "गुळानं न्हाई झालं हे. अंगातले राखणदार रोगजंतूंशी लढायचं सोडून चुकून इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर तुटून पडले. तुझा काय दोष न्हाई. चकतीचा मात्र हाय. पुन्यांदा आधी इचारायचं, मग हात लावायचा."

"चूक माझीही आहे," निगा म्हणाली. "मी नोंद पाहिली, थेंब पाहिले नाहीत. यापुढे थेंब मोजेन."

मॅडमनी मला शिक्षा दिली. दर तासाला कीटोनचा आकडा मी मोठ्याने वाचायचा. तीन पॉइंट एक. दोन पॉइंट सहा. चार वाजता, पाच वाजता, मी खाटेपाशीच उभी. मॅडम मध्ये येऊन म्हणाल्या की इन्सुलिन बनवणाऱ्या नव्या पेशी प्रयोगशाळेत वाढवायचं काम जोरात चालू आहे, कुणी सांगावं, तू मोठी होईपर्यंत जळव्या परत घरचाच होईल. तोवर शौर्यच्या दंडावर बटणाएवढा पंप बसणार होता.

साडेसातला निगाने वाकून विचारलं, "शौर्य, तुमच्या कुत्र्याचं नाव काय?"

"रॉकेट! किती येळा सांगू? तुझं चार्जिंग संपलंय काय?" तो खेकसला. आई रडता रडता हसू लागली. त्याचं खेकसणं मला आयुष्यात पहिल्यांदाच गोड वाटलं.

त्याच वेळी दार धाडकन उघडलं. पप्पा घामाघूम, चप्पल एकाच पायात. "साखर किती हाय?"

"साखर नका इचारू पप्पा," मी म्हटलं. "धूर किती त्ये इचारा. शून्य पॉइंट आठ."

पप्पा गोंधळून खाटेपाशी आले. "धूर? टायर कुणी जाळलं?"

"कुणी न्हाई. जळव्या नव्हता." मी शौर्यचा हात धरला. "आता त्यो रोज आपणच धाडायचा. मी एक दिवस चुकणार न्हाई."