फिल्टरच्या टाकीतली धाप

मी रात्रीची गोष्ट सांगत नाही. भर दुपारची आहे. गेल्या वैशाखातली, पिंपळगाव राजाजवळच्या आमच्या मळ्यातली. या वयात खोटं सांगून मला काय मिळणार? घडलं तसं सांगते.

माझी नात काजल. तिला आजोबांचा दमा आलेला. पोहण्याने छाती सुधारते असं डॉक्टर म्हणाले, म्हणून माझ्या मुलाने, शंतनूने, घरामागे पोहण्याचा हौद बांधला.

मग फिल्टर कोणता घ्यायचा यावर खल झाला. खामगावहून हर्षल आला होता, पाइप-मोटरचं काम करणारा.

"कागदी घेतला तं दर आठ दिवसाले धुवा लागन," तो म्हणाला. "आपल्याकडची धूळ मालूम हाय ना? वाळूचा घ्या. पण त्याची वाळू येगळी येते, पोत्यात."

"वाळू इकत?" शंतनू हसला. "मंग नदी काय पाहाले ठेवली का बे? चाळून टाक."

हर्षलने चाळून टाकली. निळी टाकी, माझ्या खांद्याएवढी. वर दाबाचा काटा. पाणी नितळ झालं. काजल महिन्याभरात मासोळीसारखी पोहू लागली.

मग ती दुपार आली.

लाईट गेली. पंखा थांबला. मागची मोटरही थांबली. बाहेर पाखराचा आवाज नाही...

आणि कुणाला तरी धाप लागलेली ऐकू आली.

मी काजलचा दम्याचा फवारा घेऊन धावले.

ती गाढ झोपली होती. श्वास अगदी संथ.

आवाज घरामागून येत होता... हौदाकडून.

मी मोटरच्या खोलीत गेले. टाकीला कान लावला.

आत कुणीतरी श्वास ओढत होतं. लांब, शिट्टीसारखा. मग थांबत होतं... मग बारीक खोकला.

मी काट्याकडे पाहिलं. मोटर बंद असली की तो शून्यावर असतो.

तो चढत होता... उतरत होता... श्वासाबरोबर.

ज्या माणसाच्या शेजारी उभा जन्म झोपले, त्याचा श्वास मी ओळखणार नाही?

आमचे हे गेले तेव्हा काजल रांगत होती.

मी हर्षलला फोन लावला. "वाळू कुठली आणली रे?"

"मसनापाशी नदी वळते ना काकू, तिथली. बारीक अन् साफ होती. काऊन, काय झालं?"

त्याच वळणावर आम्ही यांची राख सोडली होती.

शंतनूला सांगितलं. "आई, लाईनीत हवा अडकली असन," तो म्हणाला. "तू उन्हात नको जात जाऊ बरं."

दुसऱ्या दिवशी लाईट गेल्यावर मी त्याला हाताला धरून नेलं.

बराच वेळ काहीच नाही. "पाह्य," तो म्हणाला, "हाय का काही?"

मग आत श्वास ओढला गेला...

शंतनूचा चेहरा उतरला. लहानपणी या आवाजाने तो झोपेतून उठून बसायचा. मग म्हणाला, "बाबाले आजूनही तरासच होऊन राह्यला, आई."

मला तेच सोसेना. एकदा वाटलं, असू दे, निदान घरात तरी आहेत. पण मेल्यावर तरी माणसाची धाप थांबावी. नाहीतर राख पाण्यात कशाला सोडतो आपण?

टाकी रिकामी केली. सगळी वाळू नदीच्या वळणावर नेऊन ओतली. नदी कोरडी होती. पाणी आलं की वाहून जाईल, असं वाटलं. मी हात जोडले. "जा आता," म्हटलं.

टाकीत पोत्यातली वाळू भरली. आवाज बंद झाला.

काही दिवसांनी मी फुलं घेऊन नदीवर गेले.

ढीग नव्हता.

ट्रॅक्टरच्या चाकांच्या खुणा होत्या फक्त. चाळलेली, आयती वाळू कुणीतरी बांधकामाला उचलून नेली होती. शंतनूने गावोगाव विचारलं. कोण कबूल करणार?

आता लाईट गेली की मी टाकीपाशी जाऊन उभी राहते. ती गप्प असते...

आमच्या भागात कुणी नवं घर बांधलं असेल, आणि दुपारी सगळं शांत झाल्यावर भिंतीतून धाप ऐकू आली, तर मला कळवा. घाबरू नका. त्या माणसाने कधी कुणाचं वाईट केलं नाही. भिंतीवरून नुसता हात फिरवा, वरून खाली, सावकाश.

पाठ चोळली की त्यांना बरं वाटायचं.