केतन चार आकड्यांवर का अडला

आईचं मंगळसूत्र तुटलं. तिने गळ्यात हळकुंड बांधलं आणि मला सराफ्यात पिटाळलं. "दिवेलागणीच्या आत ओवून आण, प्रणोती!"

दुकानात तीन बायका एकदमच सांगत होत्या. कुणाला दोन काळे मणी, मग एक सोन्याचा, कुणाला पाच-एक-पाच... आणि ओवणारा पोरगा एक अक्षर लिहीत नव्हता!

"लिहून घ्या ना जी," मला राहवेना.

त्याने मान वर केली. अगं बाई... काय डोळे होते मेल्याचे!

"काहून? डोक्यात आहे ना सारं."

मी हरखलेच. एम.ए.च्या प्रबंधासाठी मला तीस माणसं तपासायची होती, त्यातली एकोणतीस झाली होती. माझा विषय वर्किंग मेमरी, म्हणजे हातातलं काम होईस्तोवर गोष्टी मनात धरून ठेवायची ताकद. तिचा एक कोपरा ऐकलेलं घोळवत राहतो, दुसरा पाहिलेलं जपतो आणि दोघांवर एक मुकादम असतो. मुकादमाचं लक्ष उडालं की सगळं सांडतं.

"माझे तिसावे तुम्ही!" मी समजावून सांगितलं तसा तो हसला.

"चलो, ठीक. मी केतन पटवेकर."

राइट टाउनमधल्या माझ्या कॉलेजात मी आकडे वाचले, त्याने ते ऐकून तसेच परत सांगायचे. सात, दोन, नऊ, चार... केतन चार आकड्यांवरच अडला. पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलावलं, पुन्हा चार! कान मात्र लालेलाल. मग मी तापाने पडले, म्हणून माझ्या मैत्रिणीने, संपदाने चाचणी घेतली. तिच्यापुढे पठ्ठ्या नऊ आकडे घडाघडा सांगून मोकळा!

मला असा राग आला म्हणता! त्यात आईने त्याने पहिल्या दिवशी ओवलेल्या मंगळसूत्राचे मणी मोजले. एका बाजूला अकरा काळे मणी, दुसऱ्या बाजूला चौदा.

"हा पोरगा कधी चुकत नाही गं," आई म्हणाली आणि माझ्याकडे टक लावून पाहत राहिली. मला तेव्हाही काही कळलं नाही. म्हणे मानसशास्त्राची विद्यार्थिनी!

तोंडी परीक्षेला बाहेरगावच्या सत्यवती मॅडम आल्या. त्यांनी नेमका तिसावा कागद उचलला. "एक ही लड़का, कभी चार, कभी नौ? ये नौ मनगढ़ंत लगता है. बुलाइए उसे. आपके सामने नौ बताए तो ठीक, नहीं तो थीसिस वापस."

दोन वर्षांची मेहनत, आणि वर खोटेपणाचा शिक्का! मी फोन केला. पंधरा मिनिटांत केतनची स्कूटर हजर.

"आज चार झाले तर मी खोटी ठरेन," व्हरांड्यातच मी त्याला अडवलं. "काय होतं हो तुम्हाला माझ्यापुढे?"

तो हेल्मेट हातात फिरवत राहिला. "त्या दिवसापासून एक वाक्य मनात धरून राहिलो आहे... तुम्ही दिसल्या की तेच घोळते. आकड्यांना जागाच नाही उरत."

"मग सांगून टाका ना एकदाचं!"

"तुम्ही मला फार आवडता, प्रणोती. लग्न करायचं आहे मला तुमच्याशी."

"अंदर आइए!" मॅडमनी हाक मारली.

मी आकडे कसे वाचले, देव जाणे. केतन मात्र सरळ माझ्याकडे पाहत होता. अंगठा बोटांवरून मणी सरकवल्यासारखा फिरला आणि त्याने आठ, एक, पाच करत सगळेच्या सगळे नऊ सांगितले. मॅडमनी उलटे विचारले, तर तेही बिनचूक!

"वाह!" मॅडमनी टाळी वाजवली आणि माझ्याकडे वळल्या. "अब आप बताइए. मॉडल में चौथा हिस्सा बाद में जुड़ा, उसका नाम?"

डोकं कोरं... रात्रंदिवस घोकलेलं उत्तर, आणि जिभेवर दुसराच एक शब्द येऊन बसलेला. कोपऱ्यात केतन गालात हसून राहिला होता. हात्तिच्या, असं होतं होय बिचाऱ्याचं!

"एक मिनट, मॅडम." मी त्याच्याकडे वळले. "हो, केतन! हजारदा हो!"

आणि लगेच आठवलं. "एपिसोडिक बफर, मॅडम! सुना हुआ, देखा हुआ, पहले की याद, सबको एक साथ बाँधता है."

मॅडम पोट धरून हसल्या. "पास! दोनों के दोनों पास!"

संध्याकाळी आईला सांगायला धावत घरी गेले. ती भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "मला तर मणी मोजले तेव्हाच कळलं होतं." ते चौदा मणी तिने अजून कुणाला दुरुस्त करू दिलेले नाहीत. जावयालासुद्धा नाही.