चार मडक्यांची साक्ष

"तिकोण्याला कोपरे तीनच असतात, मकसूद! हा चौथा कुठून काढलास?" रतन कमरेवर हात ठेवून म्हणाली.

मकसूदने मान वर करून पाहिलं. खरा तिकोणा किल्ला समोरच उभा होता. त्याच्याच पायथ्याशी, तिकोणा पेठेत, दिवाळीचा मातीचा किल्ला बांधायचा म्हणजे चूक लपवायला जागाच नाही. मकसूद बारा वर्षांचा, लोणावळ्याच्या रेल्वे क्वार्टर्समधला. प्रत्येक गोष्ट आपल्याला आधी कळते आणि ती लगेच दुसऱ्याला सांगायची असते, असा त्याचा समज होता. तेव्हा हा कोपरा मुद्दाम काढला आहे, असं त्याने ठोकून दिलं. शेजारी माती मळत बसलेली चिंगी खुदकन हसली.

रतन ही पोलीस पाटील दत्तोबांची नात. चिंगी डोंगरावरच्या वाडीतली, सावळाची मुलगी. आणि मकसूद इथे आला होता तो त्याच्या फुप्पीकडे, म्हणजे वडिलांच्या धाकट्या बहिणीकडे. मुमताजफुप्पी शेतकी कॉलेजात संशोधन करत होती. १९६८ साली एक मुलगी गुडघाभर चिखलात उभी राहून माशांची लांबी मोजते, याचं गावाला आधी हसू यायचं. आता त्याच गावाला तिचं कौतुक वाटत होतं. कॉलेजच्या इथल्या शेतावर, भाताच्या खाचरात आणि शेजारच्या तळ्यात ती रोहू-कटल्याची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, वाढवत होती. मासे किडे खातात, त्यांच्या विष्ठेचं भाताला खत होतं. शिवाय ते डासांच्या अळ्या खातात, त्यामुळे हिवतापाला आळा बसतो. एकाच पाण्यात शेती आणि औषध दोन्ही पिकतात, असं ती म्हणायची. मकसूदला तर फुप्पीइतकं हुशार माणूस पुणे जिल्ह्यात दुसरं नाही असं वाटायचं, आणि ते तो सगळ्यांना सांगतही असे.

किल्ल्याला माती कमी पडली म्हणून तिघं तळ्याकाठी गेली आणि तिथेच थबकली. तळ्यावर पांढरी पोटं वर करून मासे तरंगत होते. एक नाही, दोन नाही, शेकडो.

चिंगी धावत फुप्पीला घेऊन आली.  फुप्पीने पदर खोचला, पाण्यात उतरून एक मासा तळहातावर घेतला आणि तशीच उभी राहिली. तीन वर्षांची मेहनत होती ती. 

बघता बघता गाव जमलं. दत्तोबा पाटील काठी टेकत आले. कोणी काही पाहिलं का, असं त्यांनी विचारलं, आणि मकसूदची जीभ सवयीप्रमाणे पुढे धावली. काल चिंगीच्या घरी भाकरी खायला गेलो तेव्हा सुपात गेळफळं वाळत घातलेली पाहिली, असं त्याने सांगून टाकलं. सांगताना त्याला फार शहाणं वाटलं.

"झालं की मग!" कॉलेजच्या शेतावरचा भांडारी महिपती पुढे होऊन म्हणाला. पिकावर मारायच्या कीडनाशक औषधांची कोठी आणि फवारणीचा पंप त्याच्या ताब्यात असे. वाडीवरची माणसं गेळ ठेचून डोहात टाकतात, त्याने मासे गुंगतात आणि मग ते हातांनी धरतात, हे साऱ्या मावळाला ठाऊक होतं. आणि या तळ्याचा राखणदार कोण? सावळाच.

सावळा मागे उभा होता. त्याने गेळफळं नाकारली नाहीत. घरात ती औषधालाही लागतात, म्हणाला.

"पर आबा, गेळानं मासा निजतो, मरत न्हाई. आन तळ्यात वढ्याचं पानी सारकं वाहतंय, त्यात गेळ टाकाया मी काय येडा हाय का? समदं वाहून जाईल की."

त्याचं कोण ऐकतो! परवा दुपारी वडगावाहून फौजदार दुसऱ्या कामासाठी येणारच होते. सावळाला त्यांच्या हवाली करायचं आणि राखण दुसऱ्याला द्यायची असं ठरलं. चिंगीने मकसूदकडे एकदाच पाहिलं. ती रडली असती तरी त्याला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तळ्यावर गेला. चिंगी आणि रतन आधीच तिथे होत्या.

"रतन, त्याला सांग, हितं बेडकंबी मेल्यात," चिंगी त्याच्याकडे पाठ करून म्हणाली.

"मला ऐकू येतंय," मकसूद पुटपुटला.

"त्याला सांग, गेळानं बेडूक मरत न्हाई. आन वढ्यातलं खेकडंबी मेल्यात, पर कोठीच्या खालच्याच अंगाला. वरच्या अंगाला जित्तं हायत."

तळ्यात पाणी येतं ते ओढ्यातून, आणि ओढा येतो कोठीमागून. तिघं काठाकाठाने वर गेली. कोठीमागे एक सपाट खडक होता आणि त्याच्याखाली एक डबकं साचलेलं. पाणी दुधाळ दिसत होतं आणि त्याला रॉकेलसारखा उग्र वास येत होता. मकसूद हात घालणार तोच चिंगीने त्याचा सदरा धरून त्याला मागे ओढलं. बोलली मात्र नाही.

फुप्पी ओसरीवर बसून कोऱ्या वहीकडे पाहत होती. मकसूदने सगळं सांगितलं आणि शेवटी खाली मान घालून कबूल केलं की सावळाचं नाव त्याच्यामुळेच पुढे आलं. ते विष महिपतीकाकाचंच असणार, सगळ्यांना आत्ताच सांगून येतो, असं म्हणून तो उठलाही.

"बस खाली," फुप्पी म्हणाली. "काल एकाला पकडलंस, आज दुसऱ्याला? तुला वाटतं म्हणजे तो पुरावा होत नाही. कोर्टातही नाही आणि प्रयोगशाळेतही नाही. आपण पाण्यालाच विचारू."

बोलता बोलता तिचे डोळे पुन्हा चमकू लागले. तिने वहीचं नवं पान उलटलं आणि चार मडकी काढली. पहिल्यात नुसतं विहिरीचं पाणी, म्हणजे तुलनेला. दुसऱ्यात विहिरीचं पाणी आणि ठेचलेलं गेळ. तिसऱ्यात कोठीच्या वरच्या अंगाचं ओढ्याचं पाणी, चौथ्यात डबक्यातलं. मासे मात्र सगळीकडे सारखेच, गावापलीकडच्या एकाच ओहोळातले, पाच-पाच. डबक्यातलं पाणी ती स्वतःच काढणार होती, लांब काठीला डबा बांधून. मुलांनी हात लावायचा नाही, अशी तिने तंबी दिली. मकसूद तिच्याकडे बघतच राहिला. इतकं नुकसान होऊनही ही बाई कोणावर ओरडत नव्हती, ती प्रयोग मांडत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी चिंगीने टोपलीने ओहोळातून वीस मासे धरून आणले. रतनने आजोबांना हाताला धरून ओसरीवर आणलं आणि मडक्यांना कोणी हात लावला नाही याचे साक्षीदार तुम्हीच, असं बजावून बसवलं. दत्तोबा कुरकुरले, पण साक्षीदार म्हटल्यावर ताठ बसले. चहासुद्धा त्यांनी मडक्यांवरची नजर न काढता घेतला.

फुप्पीने मासे मडक्यांत सोडले. थोड्याच वेळात गेळाच्या मडक्यातले मासे कलले आणि उलटे झाले.  चिंगीने शांतपणे ते उचलले आणि विहिरीच्या ताज्या पाण्याच्या परातीत सोडले.  एकाने शेपूट हलवली, मग दुसऱ्याने. घटकाभरात पाचही मासे परातीत सुळसुळू लागले.

चौथ्या मडक्यातले मासे मात्र तडफडले आणि गार झाले. तेही ताज्या पाण्यात टाकून पाहिले, पण एकही उठला नाही. पहिल्या आणि तिसऱ्या मडक्यातले मासे मजेत होते.

दुपारी फौजदार आले. दत्तोबांनी पाहिलं तसं सगळं सांगितलं, एक शब्द कमी नाही की जास्त नाही. गर्दीतून महिपती हसला. हा पोरखेळ आहे, म्हणाला. खडकाजवळचं पाणी अगदी स्वच्छ असतं आणि आपण स्वतः रोज तेच पितो, असंही वर ठणकावून सांगितलं.

"हो का, काका?" रतन गोड आवाजात म्हणाली. आत जाऊन तिने भरलेला तांब्या आणला. "मग हे घ्या. खडकाखालचंच आहे. उन्हातून आलात, तहान लागली असेल."

महिपतीचा हात पुढे आला आणि अर्ध्यावरच थांबला. 

"घ्या की," फौजदार म्हणाले.

"नको साहेब! एन्ड्रीन आहे त्यात, फवारणीचं विष!" महिपती दोन पावलं मागे सरकला. आपण काय बोललो हे त्याला बोलून झाल्यावर कळलं.

रतनने तोच तांब्या तोंडाला लावला. दत्तोबांच्या हातातली काठीच गळून पडली.

"घाबरू नका आबा, विहिरीचं आहे," ती तोंड पुसत म्हणाली. "हे पाणी कसलं, ते मला ठाऊक होतं. डबक्यातल्या पाण्यात काय आहे, ते काकांना ठाऊक होतं."

मग महिपतीने सगळं सांगितलं. औषध मारून झाल्यावर पंप दूर माळावरच्या खड्ड्यापाशी नेऊन धुवायचा, असा फुप्पीने कोठीच्या दारावर कागदच लावला होता. पण दिवाळीला घरी जायची घाई होती आणि ओढा हाताशी होता. एवढ्याशा पाण्याने काय होतंय, असं त्याला वाटलं. मासे मेल्यावर तो घाबरला आणि सावळाचं नाव समोर आलंय म्हटल्यावर त्याने तेच उचलून धरलं.

फौजदारांनी त्याचा जबाब लिहून घेतला. चार मडक्यांइतके चांगले साक्षीदार आपल्याला उभ्या नोकरीत मिळाले नव्हते, असं म्हणून त्यांनी तिघांची पाठ थोपटली. फुप्पीने खाचराकडे बोट दाखवलं. त्याला पाणी ओढ्याच्या वरच्या अंगाने येत होतं आणि तिथली बोटुकली जिवंत होती. काम थोडं मागे गेलं असलं तरी बुडालं नव्हतं. आणि गेळाबद्दल सावळाला जे ठाऊक होतं, ते आपल्या प्रबंधात त्याच्या नावासकट लिहिणार असल्याचं तिने सांगितलं.

दत्तोबा उठले. साऱ्या गावासमोर त्यांनी सावळापुढे हात जोडले. "माझं चुकलं, सावळा. तळं तूच राख."

सावळाने त्यांचे हात घाईघाईने खाली केले.

मकसूद गर्दीतून पुढे झाला. 

"सावळाभाऊ, तुमचं नाव मीच घेतलं होतं. न विचारता. मला माफ करा."

सावळाने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "डोळं तुजं लय चांगलं हायत, पोरा. निस्तं जिभंला सांग, डोळ्याच्या फुडं पळू नगं."

मकसूदला यावर बोलण्यासारखं खूप काही सुचलं. त्यातलं तो काहीही बोलला नाही.

चिंगी त्याच्याकडे पाहत उभी होती. दोन दिवसांत पहिल्यांदाच तिने रतनला मध्ये घेतलं नाही.

"चल की," ती म्हणाली, "त्यो चौथा कोपरा पाडायचा हाय न्हवं?"