फ्रेंचमधली डिमांड

नागपुरात बर्डीहून सुटलेल्या बसमध्ये चारुशीलाला झोप लागली, ती थेट शेजारच्या अनोळखी माणसाच्या खांद्यावर. शेवटच्या स्टॉपला कंडक्टरनं हाक मारली तेव्हा ती दचकून उठली. तिचा नंदनवनचा स्टॉप केव्हाच मागे गेला होता.

"उठवलं काहून नाही?" तिनं ओशाळून विचारलं.

"लय थकलेल्या दिसल्या..." तो म्हणाला. "माझाबी स्टॉप गेला. चला, सोबतच परत जाऊ."

त्याचं नाव कृष्णकांत. संत्री परदेशी पाठवू पाहणाऱ्या एका व्यापाऱ्याकडे तो कारकून होता आणि मालकाच्या हट्टापायी फ्रेंच शिकत होता. त्या दिवसापासून तो तिच्यासाठी बसमध्ये जागा धरू लागला. चारुशीला कमीच बोलायची. आठवडाभर कचेरीत टायपिंग, आणि रविवार आला की पाहुण्यांपुढे पोह्यांचा ट्रे... ह्या सगळ्याला तिचा जीव विटून गेला होता.

श्रावणातल्या एका संध्याकाळी ती आली आणि डोळे मिटूनच बसली.

"काय झालं?"

"काल काटोलचे पाहुणे आले होते. पोरगी पसंत आहे म्हणाले. मंग डिमांड सांगितली... स्कूटर, फ्रीज. बाबांनी मान खाली घातली."

पाऊस आत येत होता; कृष्णकांतनं खिडकीची काच ओढून लावली.

"हा डिमांड शब्द फ्रेंचमधेबी आहे," तो म्हणाला. "पण तिथं त्याचा अर्थ नुसतं विचारणं. मी पहिल्यांदा फसलो. गिऱ्हाईक भाव विचारून राहिलं होतं, अन् मी मालकाले सांगितलं, ते दम देऊन राहिलं."

तिला किती दिवसांनी हसू आलं.

"मंग तिथं लग्नात डिमांड नसते?"

"असते ना. पोरगा पोरीले विचारते— करशील का माझ्याशी लग्न?"

"मले तर कोणी विचारलंच नाही कधी."

"मी विचारतो मंग..." तो इतकं हळू म्हणाला की बसच्या खडखडाटात ते विरूनच जायचं.

तिनं नजर उचलली. त्याचे कान लाल झाले होते.

"आज नाही सांगत," ती म्हणाली. "थकली आहो मी. आज हो म्हटलं तर ते कंटाळ्याचं हो होईल."

"मी थांबतो."

त्या रात्री तिनं काटोलला नकार कळवायला सांगितलं. देवराव, तिचे वडील, रागावले नाहीत. तिच्याजवळ येऊन बसले.

"मंग तुले काय पाहिजे वं, बाई?"

चारुशीला आधी पोटभर रडली. मग तिनं एक नाव सांगितलं.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये ती कृष्णकांतला म्हणाली, "बाबांनी रविवारी जेवायले बोलावलं तुम्हाले."

"म्हणजे...?"

"म्हणजे हो," ती म्हणाली, आणि लाजून खिडकीबाहेर पाहू लागली. तो हसतोय, हे तिला न पाहताही कळत होतं.