पाण्यातली मण्यार

भुताच्या गोष्टीला रात्र लागते, असं तुम्हाला कुणी सांगितलं? ही भर दुपारची आहे. खोटी वाटली तर वाटू द्या, पण ऐकताना जवळचं पाणी तेवढं झाकून ठेवा.

घड्याळजी दुरुस्त केलेलं भिंतीवरचं घड्याळ कापडात गुंडाळून पंपहाउसकडे निघाला होता. तिथला पंपवाला म्हणजे त्याच्या धाकट्या बहिणीचा नवरा. सकाळीच त्याचा फोन आला होता : हौदाच्या पायरीवर साप बसलाय, येताय तर बघून जा. कुठेही साप निघाला की लोक घड्याळजीला बोलवत. तो सापाला हात लावत नसे. डोळ्याला भिंग लावायचा, नाव सांगायचा, आणि त्या नावावर लोक एकतर सापाला वाट देत, नाहीतर दवाखाना गाठत. आजवर त्याचं नाव चुकलं नव्हतं, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगत असे.

“या, सापांचे मामा!” पंपवाला दारातच उभा होता. “पाहुणा कधीचा ताटकळलाय.”

“जावईबापू, आधी चहा, मग पाहुणा.”

“आधी पाहुणा. चहा कुठे पळून चाललाय?”

पत्र्याच्या छपराखालचा हौद खोल आणि गार होता. पंप बंद होता. क्लोरीनचा वास घशात बसत होता, आणि त्याच्या मागे दुसरा एक वास होता, ओल्या मातीचा, जुना. कुठेतरी थेंब पडायचा आणि बराच वेळ पडायचा नाही.

साप पाण्यालगतच्या पायरीवर होता. घड्याळजीने भिंग लावलं. अंगावर सोंगटीच्या पटासारख्या चौकटी, खवले खरखरीत, डोळ्याखाली दोन तिरक्या काळ्या रेघा. शंकाच नको.

“दिवड. विष नाही हिला. बसू दे.”

“वाचलो बुवा!” पंपवाला हसला. “मघाशी हौदाची जाळी साफ करताना पोटरीला काहीतरी टोचलं. हीच बया असणार. मुंगी चावावी इतकंच. तुम्ही दिवड म्हणालात, विषय मिटला. चहा टाकतो.”

“थांबा. पाय दाखवा.”

दिवड चावली की दातांची कमान उमटते, रक्त येतं. पोटरीवर तसलं काहीच नव्हतं. घड्याळजीने पुन्हा पायरीकडे पाहिलं, आणि पाहता पाहता त्याची नजर खाली पाण्यात गेली.

पाण्यात सापाचं प्रतिबिंब पडलं होतं. ते काळं होतं. तुळतुळीत, निळसर काळं, आणि त्यावर पांढऱ्या बारीक पट्ट्यांच्या जोड्या.

त्याने वर पाहिलं. चौकटी. खाली पाहिलं. पट्टे...

पायरीवरची दिवड हलली, पाण्यात उतरली. खालची मण्यार वर आली. दोघी एकमेकींत शिरल्या, आणि पाण्यावर साधा तरंगही उठला नाही.

“चला. दवाखान्यात.”

“दिवडीसाठी? लोक हसतील, दादा.”

“मी चुकलो. मण्यार आहे ती.”

हे शब्द त्याच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा निघाले होते. पंपवाला ते ऐकूनच चपला घालायला लागला.

रिक्षात तो थट्टा करत होता. दवाखान्याच्या फाटकाशी म्हणाला, “पापण्या जड झाल्यात हो... झोप झाली नाही वाटतं.” पुढचं वाक्य त्याच्या जिभेवरच राहिलं. डॉक्टरांनी सापाच्या विषावरची औषधं दिली, श्वासाला यंत्र लावलं. बहीण काचेच्या दाराबाहेर बसून राहिली. घड्याळजी तिच्याशेजारी बसला, पण पाण्यातलं काही बोलला नाही.

पंपवाला वाचला. चालत घरी आला. लोकांनी घड्याळजीच्या नजरेचं कौतुक केलं, आणि ते त्याला गिळवेना.

पुढे एका सकाळी तो बहिणीकडे गेला. पंपवाला अंगणात दाढी करत होता, गाणं गुणगुणत होता. अंगावर मूठभर मांस चढलं होतं. “या, सापांचे मामा!”

घड्याळजी हसला. मग त्याच्या लक्षात आलं, की पाण्याच्या तांब्यावर ताटली आहे. बादलीवर फळी, पिंपावर गोणपाट. घरातल्या फुलदाणीचंही तोंड कापडाने बांधलेलं.

बहीण चहा घेऊन आली. नवऱ्याच्या कपावर बशी पालथी होती. तिने ती काढली नाही, कप तसाच त्याच्या हातात दिला, आणि तो चहा प्यायला लागेपर्यंत दुसरीकडे बघत राहिली.

“सगळं झाकून का ठेवलंयस गं?”

ती स्वयंपाकघरात गेली. तो मागोमाग गेला. अंगणातून गुणगुणणं ऐकू येत होतं.

“दादा,” ती अगदी हळू म्हणाली, “तू कधी नाही ते सापाचं नाव बदललंस. तुलाही दिसलं होतं ना तिथे... पाण्यात?”

त्याने होकाराची मान हलवली.

“पाण्यात यांचे डोळे मिटलेले दिसतात. घरी आले त्या दिवसापासून.” तिने पदर तोंडाशी धरला. “तेवढंच असतं तर मी कुणाला बोललेही नसते. पण आता... गाल बसायला लागलेत.”