शनिवारी रुसणारी हरिणी

गाडी शनिवारी बंद पडायची आणि बुधवारी वाऱ्यासारखी पळायची. आता तुम्ही म्हणाल, गाडीला वार कसा कळतो? गोदाक्का मिस्त्रीणही महिनाभर हेच म्हणत होती, आणि ती काही ऐरीगैरी नव्हती. शाळा चौथीपर्यंतच, पण सांगोला रस्त्यावर तिचं गॅरेज चाळीस वर्षं उभं होतं. गाडी वळणावर असतानाच नुसत्या आवाजावरून ती सांगायची की हिचा कुठला सांधा दुखतोय. पेट्रोलच्या गाड्या गेल्या, विजेच्या आल्या, तरी तिचा कान तोच राहिला.

पण या गाडीपुढे कानाचं काही चालेना.

गाडीचं नाव हरिणी. आपल्याच मुलखातल्या कंपनीची, विजेवर चालणारी, बारा पोरं बसतील एवढी. जाहिरातीत हरिणी डोंगर चढायची, खऱ्यात तिला उंबरा चढायची मारामार. दिवा बदलायचा तर आधी पुढचं चाक काढा. एका झाकणाला चार बोल्ट, तर चारींना चार वेगळे पाने. कंपनीला फोन लावला की गोड आवाजाची बाई सांगायची, "गाडी बंद करून पुन्हा चालू करा."

"अगं भवाने, ती बंदच आहे म्हणून तर फोन केलाय," गोदाक्का म्हणायची.

त्या शनिवारी दुपारी हरिणी पुन्हा आली. आली म्हणजे बैलांनी ओढत आणली. बैल मालकाच्या ऐटीत पुढे, त्यांच्या मागे हरिणी मान खाली घालून, आणि तिच्यामागे दप्तरं घेतलेली टेकडीवरच्या वस्तीतली बारा पोरं. त्यांतच गोदाक्काची नात रेवू होती, अकरा वर्षांची, प्रश्नांनी खिसे भरलेली.

"अक्का, चढावर मधेच थांबली," चालक पिराजी म्हणाला. "समोर चिटपाखरू नाही, आणि गाडी म्हणते, भिंत आहे. ब्रेक लागला तो लागलाच."

"ऐकलं का रे निदान्या?" गोदाक्का म्हणाली.

निदान्या म्हणजे कंपनीने गॅरेजात बसवलेला तपासणीचा रोबो. खरं नाव निदान-सात. उंचीने रांजणाएवढा, आणि त्याच्यासारखाच रिकामा, असं गोदाक्काचं मत.

"नियमानुसार कळवतो," निदान्या म्हणाला. "वाहन पाचव्यांदा रस्त्यात थांबले आहे. सूर्यास्तापर्यंत दोष सापडला नाही, तर अज्ञात दोष असा अहवाल जाईल आणि वाहन भंगारात काढले जाईल."

नवी गाडी पुढच्या वर्षाशिवाय मिळणार नव्हती, आणि वस्तीपासून शाळा चौदा किलोमीटर. गाडी गेली की शाळा गेली. गोदाक्काला पोरांची काळजी होतीच, पण खोटं कशाला सांगा, दुसरीही एक सल होती. चाळीस वर्षांत एकही गाडी तिला हरवून दारातून परत गेली नव्हती.

तिने पदर खोचला आणि नेहमीप्रमाणे सुरुवात केली. आधी हात धुतले. मग हरिणीच्या नाकावर बांधलेलं लिंबू-मिरची अलगद सोडवून कोपऱ्यातल्या पत्र्याच्या डब्यावर ठेवलं. दुसऱ्याने भक्तीने बांधलेल्या वस्तूला तेलकट हात लावायचा नाही, ही तिच्या सासऱ्याची शिकवण. सोडवलेलं लिंबू मग त्या डब्यावरच राहायचं. मग तिने चार पाने घेऊन झाकण उघडलं. तपासून झाल्यावर निदान्याने आपली तार लावली, आणि पिराजीने गाडी अंगणात चालवून पाहिली.

हरिणी गॅरेजभोवती दोन फेऱ्या मारून आली. साजूक तुपासारखी.

"दोष आढळला नाही," निदान्या म्हणाला.

"मागच्या चारही वेळी हेच बोललास. डॉक्टरासमोर पोटदुखी थांबणारं पोर आणि ही, एकाच माळेचे मणी."

इकडे रेवूने दप्तरातून वही काढली. आधीच्या चारही वेळचे वार तिने लिहून ठेवले होते. "आज्जी, तीनदा शनिवारी थांबली. आज शनिवार. पण एकदा मधेच गुरुवारी थांबली होती. गुरुवारी असं काय झालं?"

"गुरुवारी अवस होती," पिराजी म्हणाला. "लक्षात आहे, कारण त्या दिवशी नवं लिंबू बांधलं होतं. मी दर शनिवारी आणि अवसेला, चढाच्या मधल्या वळणावर गाडी उभी करून ताजं बांधतो."

रेवूची पेन्सिल थांबली. तिने डब्यावरच्या लिंबाकडे पाहिलं, मग हरिणीच्या नाकाकडे, मग आजीकडे.

"आज्जी, गाडी नवं लिंबू बांधलं की थांबते. आणि तू तपासायच्या आधी लिंबू काढून ठेवतेस. म्हणजे तुझ्यासमोर ती कधी आजारी नसतेच."

"लिंबाने गाडी थांबते होय? उद्या म्हणशील मिरचीने विमान पडतं."

"एकदा लिंबासकट चालवून तर बघ."

लिंबासकट गाडीला हात लावायचा म्हणजे सासऱ्याची शिकवण मोडायची. गोदाक्काने दाराबाहेर पाहिलं, सूर्य बाभळीच्या शेंड्याला टेकला होता. ती म्हणाली, "बांध रे पिराजी. बांधतोस तसंच."

पिराजीने पुढच्या बंपरजवळ एक तांब्याचा खिळा बाहेर आला होता, त्यावर लिंबू टोचलं. लिंबात ओवलेल्या तारेचं टोक बंपरच्या लोखंडाला गुंडाळलं. हरिणी चालू केली. ती हातभर पुढे आली आणि खाडकन थांबली. काचेवर अक्षरं उमटली : समोर भिंत आहे.

"अगं माझे आई," गोदाक्का हळूच म्हणाली.

तिने वीज मोजायचं मीटर काढलं. एक टोक तांब्याच्या खिळ्याला, दुसरं तारेला. काटा शून्यावरून उठला आणि एक व्होल्टच्या (व्होल्ट म्हणजे विजेचा रेटा मोजायचं माप) अलीकडे जाऊन थांबला.

"लिंबात वीज असते?" रेवूने विचारलं.

"लिंबात नाही," गोदाक्का म्हणाली. जे तिच्या हाताला ठाऊक होतं, त्याला आता तोंड फुटलं. "वीज दोन धातूंच्या भांडणातून होते. ही तार लोखंडाची, पण तिच्यावर जस्ताचा मुलामा आहे. खिळा तांब्याचा. दोघं एकाच आंबट रसात उभे राहिले की जस्त विरघळायला लागतं आणि आपल्याकडचे इलेक्ट्रॉन (विजेचे अतिशय बारीक कण) तारेत सोडतं. ते कण तारेतून फिरून तांब्याकडे धावतात. धातू दोन वेगळे लागतात, मधे रस लागतो. याला घट म्हणतात (घट म्हणजे वीज तयार करणारी छोटी जोडणी). लिंबू नुसता रस्ता झाला. झिजतं ते जस्त."

"आणि भिंत?"

आता निदान्या बोलला. "तो खिळा सेन्सरचा (गाडीला आसपासचं सांगणारं यंत्र) आहे. समोर काही नसेल तर तो शून्य व्होल्ट पाठवतो. वस्तू जवळ येते तसा रेटा वाढतो. हातभर अंतरावर भिंत असली तर एक व्होल्ट."

"म्हणजे लिंबू मोटारीच्या कानात कुजबुजतंय, भिंत आली, भिंत आली," रेवू म्हणाली, "आणि मोटार ऐकतेय."

डब्यामागे मागच्या आठवड्याचं लिंबू वाळून सुपारी झालेलं पडलं होतं. गोदाक्काने तेही तसंच टोचून पाहिलं. काटा हललाच नाही. रस आटला की कणांचा रस्ता तुटतो. आणि एरवी तर नाकावर लिंबूच नसायचं, म्हणून बुधवारी हरिणी वाऱ्यासारखी पळायची. मग तिने ताजं लिंबू साध्या दोऱ्यात ओवून मागच्या आरशाला बांधलं. हरिणी बाभळीपर्यंत जाऊन परत आली. तीनदा.

"पण हा खिळा असा उघडा कसा?" पिराजी म्हणाला. "मला वाटलं, लिंबासाठीच केलाय."

"त्यावर प्लास्टिकचं टोपण होतं. पहिल्याच महिन्यात गळून पडलं. कंपनीला कळवलं, तर म्हणे, त्याने काही बिघडत नाही." गोदाक्का तावातावाने बोलत होती. मग एकदम थांबली. "आणि तार? दोरा सोडून तार कधीपासून?"

पिराजी पायाच्या अंगठ्याने माती उकरायला लागला. "महिना झाला. दोरा वाऱ्याने तुटायचा. तर कुणीतरी गॅरेजातली उरलेली तार दिली."

"कुणी?"

"तुम्हीच, अक्का."

चाळीस वर्षांत न हरलेली बाई एका वितीच्या तारेने हरली होती, आणि तार तिच्याच खुंटीची.

सूर्य मावळायला बोटभर उरला होता. निदान्याने अहवाल वाचला. "दोष आढळला. कारणे : ताजे लिंबू, तांब्याचा खिळा, जस्ताची तार. तार देणारे : गोदाक्का मिस्त्रीण. शेवटची ओळ वगळू का?"

महिन्याभरात निदान्याला पहिल्यांदाच काहीतरी सापडलं होतं, ते नेमकं हे. गोदाक्काने हात पुसले.

"राहू दे. खरं आहे ते. पण खाली एक ओळ वाढव. टोपण नीट बसलं असतं, तर पोरांना बैलांमागे चालावं लागलं नसतं. आणि दिवा बदलायला चाक का काढावं लागतं, तेही विचार."

"तो प्रश्न माझ्या नियमांत नाही," निदान्या म्हणाला. मग म्हणाला, "तरीही विचारतो."

गोदाक्काला तो पहिल्यांदाच रांजणापेक्षा बरा वाटला.

सोमवारी सकाळी हरिणी दारात उभी राहिली. खिळ्यावर रबराची घट्ट टोपी, लिंबू मागच्या आरशाला, दोऱ्यात. रेवूच्या मांडीवर पाच लिंबं, तांब्याच्या पट्ट्या आणि जस्ताचे खिळे होते. पाचांना एकामागे एक जोडून शाळेत एक इवला दिवा पेटवून दाखवायचा होता.

"आज्जी, जस्त झिजून जातं ना? मग न झिजणारं असं काही असेल का?"

"मला नाही माहीत," गोदाक्का म्हणाली. हे वाक्य तिच्या तोंडून गावाने फार क्वचित ऐकलं होतं. "तू शोध. सापडलं की आधी मला सांग, त्या रांजणाला नाही."

हरिणी चढाला लागली. गोदाक्का दारात कान देऊन उभी राहिली. चढाच्या मधल्या वळणावर, जिथे आवाज थांबायचा, तिथे तिने श्वास धरला. आवाज थांबला नाही. वळण घेऊन तो बारीक झाला, आणखी बारीक झाला, आणि टेकडीपलीकडे शाळेच्या वाटेने गेला.